पाण्याचा भोंगा

अण्णांच्या फोनमध्ये ते लाल बटन मीच बसवलं. बसवलं म्हणजे अ‍ॅप टाकलं, पाच माणसांचे नंबर भरले आणि पलंगावर त्यांच्यासमोर बसून तीन वेळा समजावून सांगितलं, की छातीत दुखलं, पडलात, चक्कर आली, घरात कुणी घुसलं, तर हाका मारत बसायचं नाही. हे बटन तीन सेकंद दाबून धरायचं. अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, दाबल्यावर होतं काय? मी सांगितलं, पाच जणांच्या फोनवर भोंगा वाजतो. फोनचा आवाज बंद असला तरी वाजतो. पाचही जणांकडे एकदमच का, असं त्यांनी पुन्हा विचारलं. एकदमच, मी म्हणाले. ते खूश झाले. का खूश झाले, हे विचारायचं मला काही सुचलं नाही.

मी शहराच्या नियंत्रण कक्षात फोन घेते. मोठा हॉल आहे, एका भिंतीवर चौकाचौकांतले कॅमेरे दिसतात, दुसऱ्या पडद्यावर नकाशा असतो आणि त्यावर अ‍ॅम्ब्युलन्सचे हिरवे ठिपके सरकत असतात. माणूस घाबरलेला असला की पत्ता धड सांगत नाही. 'ते टॉकीज पाडलं बघा, त्याच्या मागं' असं सांगतो. टॉकीज पाडून दहा वर्षं झालेली असतात आणि नकाशाला ते माहीत नसतं, पण मला माहीत असतं. माझा सगळा जन्म याच शहरात गेला. म्हणून मला माझ्या कामाचा गर्व होता, आणि तो लपवणंही मला कधी जमलं नाही. हाताखाली नवीन आलेल्या मुलींना मी फार बोलायची. माझा स्वभाव तापट आहे. आई असती तर म्हणाली असती, बापावर गेली. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. घरात मी आणि अण्णा, दोघंच.

अण्णा बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. नोकरीची शेवटची बरीच वर्षं त्यांच्याकडे माईक होता. बिडकीनमार्गे पैठणला जाणारी गाडी, फर्दापूरमार्गे जळगावला जाणारी गाडी, फलाट अमुक, प्रवाशांनी सामान सांभाळावं, हे सगळं ते बोलायचे, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायचे. पहिल्यांदा सांगितलेलं माणूस ऐकत नाही, तो फक्त मान वर करतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ऐकतो तो दुसऱ्यांदा. निवृत्त झाले तरी ही सवय गेली नाही. चहा ठेव, चहा ठेव. दार लाव, दार लाव. लहानपणी मी त्यांची नक्कल करून मार खाल्लेला आहे.

आमची गल्ली जुन्या मोंढ्याच्या मागे आहे. तिथे पाणी आठवड्यातून एकदा येतं, कधी आठव्या दिवशी, कधी नवव्या. दिवस साधारण ठरलेला असतो, वेळ नसते. सकाळी सहालाही येईल, दुपारी दोनलाही. आलं की पाऊण तास असतं. तेवढ्यात नळाच्या खड्ड्यात मोटर लावायची, हौद भरायचा, गच्चीवरची टाकी भरायची, पिंप, बादल्या, पातेली, जे घरात रिकामं आहे ते भरायचं. गल्लीभर पाइप पसरलेले असतात आणि मोटरींच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. पाणी चुकलं तर पुढचा आठवडा टँकरवाल्याच्या विनवण्या करायच्या. पैठणचं धरण काठोकाठ भरल्याचे फोटो लोक फोनवर एकमेकांना पाठवत असतात, ते बघायचे.

पाणी यायच्या दिवशी अण्णा सकाळपासून अंगणात नळाजवळ पाट टाकून बसायचे. पाणी यायच्या आधी पाइपातून हवा येते. नळ फुसफुसतो. तो आवाज इतका बारीक असतो की मला कधीच ऐकू आला नाही, अण्णांना यायचा. नळावर नुसता हात ठेवूनही त्यांना कळायचं. हवा आली की पाच-दहा मिनिटांनी पाणी हमखास. मग ते उठून गल्लीभर सांगत फिरायचे. गुडघे गेले तसं फिरणं बंद झालं. नंतर ते दारात उभे राहून ओरडायचे, पण त्यांचा आवाजही माईकवर वाढलेला; उघड्यावर तो समोरच्या पिठाच्या चक्कीपर्यंतही पोचायचा नाही. याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

बटन बसवल्यानंतरच्या पहिल्याच पाण्याला मी कामावर होते. फोनवर भोंगा वाजला आणि मी हातातलं काम टाकलं. फोन लावला तर अण्णांनी शांतपणे उचलला. "हवा आली," ते म्हणाले. "पाणी येतंय. मीच दाबलं."

त्या पाच जणांत मी होते, शेजारच्या, शिवणकाम करणाऱ्या आपा होत्या, समोरचे चक्कीवाले होते, कोपऱ्यावरचे निवृत्त मास्तर होते आणि बिडकीनला कारखान्यात असलेला माझा चुलतभाऊ होता. गल्लीतल्या तिघांनी मोटरी लावल्या, त्यांनी आपापल्या शेजाऱ्यांना सांगितलं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा गल्लीतल्या एकाही घराचं पाणी चुकलं नाही. आपांनी संध्याकाळी शिरखुर्म्याची वाटी आणून दिली. चुलतभाऊ मात्र वैतागला. तिकडे शिफ्टमध्ये त्याच्या खिशात भोंगा वाजला आणि तो मशिन बंद करून धावत सुटला होता. काकाला सांग, इथं बिडकीनला मी कुठली बादली लावू, असं तो मला म्हणाला. मी त्याचा नंबर काढून टाकला आणि त्या जागी मास्तरांच्या सुनेचा घातला.

त्या रात्रीच्या जेवणाला मी अण्णांना खूप बोलले. हे यंत्र जीव वाचवायला आहे, हौद भरायला नाही, असं म्हणाले. तुमच्यासारख्या माणसांमुळे खऱ्या माणसाकडे गाडी उशिरा पोचते, असंही म्हणाले. हे मी बापाला म्हणाले. अण्णा भाकरी कुस्करत होते. 

"तू कधी पाणी चुकलेलं घर बघितलंय का?" मग ते म्हणाले. "आपाच्या सासूचं अंग पुसायला पाणी नव्हतं मागं. बाई अंथरुणावर. ते काय कमी संकट व्हय? लई वरडू नको. बाकी मला तुझ्या त्या बटनाचं काय काम?"

मी ताट घेऊन उठले. 

पुढच्या पाण्याला त्यांनी पुन्हा दाबलं. त्याच्या पुढच्यालाही. आणि दोनदा दाबायला लागले, दोन-तीन मिनिटांचं अंतर ठेवून, सवयीप्रमाणे. अडचण अशी होती की ती योजना आमच्याच कक्षाची होती; पाच जणांपैकी कुणी लगेच उलटा फोन केला नाही, तर सूचना थेट आमच्याकडे यायची. तिथून अण्णांना फोन जायचा आणि सोबतच गाडी निघायची. एकदा तसं झालंच. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या मुलीनं फोन लावला आणि अण्णांनी तिलाही हवा आल्याचं सांगितलं. गाडी अर्ध्या वाटेतून परतली. हॉलमध्ये हशा पिकला. साहेबांनी हसत हसतच मला विचारलं, तुमच्या वडिलांना पाणीपुरवठा खात्यात घ्यायचं का? मी वरवर हसले, पण ते माझ्या डोक्यात गेलं.

महिन्याच्या बैठकीत खोट्या सूचनांचा विषय निघाला. अशी सूचना फक्त आमच्याच घरून येत होती असं नाही. कुणाचा नातू बटन दाबायचा, कुणी फोन खिशात दाबून बसायचा. त्या बैठकीत मी तोंड उघडलं. म्हणाले, आधी दोन मिनिटं घरच्यांना द्या. त्यांच्या पडद्यावर 'मी बघते' किंवा 'मी बघतो' असं एक बटन द्या. पाचातल्या एकानंही ते दाबलं की सूचना बंद, कक्षात येणार नाही. बाकीच्या चौघांनाही दिसेल की कुणीतरी बघतंय. कुणीच दाबलं नाही तर दोन मिनिटांनी आमच्याकडे येईल. साहेबांना ते पटलं. पंधरा दिवसांत तसं झालं. खोट्या सूचना एकदम कमी झाल्या आणि माझं कौतुकही झालं.

तेव्हापासून आमची घडी बसली. पाण्याच्या दिवशी फोन मी कीबोर्डच्या शेजारी ठेवायची. माझ्याकडे भोंगा वाजायच्या आत, नुसत्या थरथरीवरच माझा अंगठा 'मी बघते'वर जायचा. तिकडे गल्लीत मोटरी लागायच्या. अण्णांना मी काही बोलायचं सोडून दिलं. खरं सांगायचं तर मलाही ते आवडायला लागलं होतं. फोन थरथरला की वाटायचं, म्हातारा पाटावर बसलाय, कान नळाला लावलाय, सगळं ठीक आहे.

त्या दिवशी पाणी यायचंच होतं. मी निघाले तेव्हा अण्णांनी पाट टाकलेला होता. तोंड जरा उतरलेलं वाटलं, मी विचारलंही. रात्री पित्त झालं होतं, एवढंच ते म्हणाले. येताना शेंगदाणे आण, शेंगदाणे आण, असं त्यांनी मागून सांगितलं.

अकराच्या पुढे मला एका बाईचा फोन आला. क्रांती चौकाजवळच्या एका दुकानात तिचा नवरा गल्ल्यावर बसल्या बसल्या कोसळला होता. गाडी मी लगेच पाठवली, पण गाडी पोचेपर्यंतची मिनिटं फोनवरच काढायची असतात. बाईला मी सांगत होते, नवऱ्याला जमिनीवर उताणा ठेवा, दोन्ही तळहात एकावर एक छातीच्या मध्यावर ठेवा, जोरात दाबा, बरगडीला काही होईल याची काळजी करू नका, मी मोजते, माझ्या आकड्याबरोबर दाबा. एक, दोन, तीन, चार. बाई रडत होती आणि दाबत होती. मी पंधरा-सोळावर असेन तेव्हा माझा फोन थरथरला. मी मोजणं थांबवलं नाही. डाव्या अंगठ्यानं 'मी बघते' दाबलं. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा थरथरला. पुन्हा दाबलं. आमच्या समोरच्या नकाशावर हिरवा ठिपका क्रांती चौकात पोचला, फोनमध्ये गाडीतल्या माणसांचे आवाज आले, आणि थोड्या वेळानं कळलं की ठोका परत आला. मी खुर्चीत मागे टेकले. शेजारच्या मुलीनं माझ्या खांद्यावर थोपटलं. मी चहा मागवला. मला फार बरं वाटत होतं.

गल्लीत काय झालं ते मला नंतर आपांनी आणि चक्कीवाल्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. भोंगा वाजल्यावर सगळ्यांच्या फोनवर दिसलं, की मी बघते आहे. म्हणजे नेहमीचंच. सगळ्यांनी पाइप पसरले, मोटरी खड्ड्यांत उतरवल्या, नळ उघडले. पाणी आलं नाही. पण अण्णा नेहमी पाण्याच्या आधीच सांगायचे, हवा आल्यावर. त्यामुळे कुणालाच वेगळं वाटलं नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. चक्कीवाल्यांनी दळण बंद करून ठेवलं होतं. मास्तर पाइपचं तोंड हौदात धरून उभे होते. कुणीतरी म्हणालं, आज म्हातारा चुकला वाटतं. तेव्हा आपा म्हणाल्या, चाचा की बात कभी खाली नै जाती, थांबा जरा. 

सगळी गल्ली त्यांच्यावर विश्वास ठेवून कोरड्या नळांपाशी उभी होती आणि ते भिंतीपलीकडे पाटाशेजारी पडलेले होते.

अर्धा तास होऊन गेल्यावर आपा विचारायला म्हणून आल्या. अण्णा कुशीवर होते, फोन हातात होता. श्वास चालू आहे असं आपांना वाटलं. त्यांनी आरडाओरडा केला. चक्कीवाल्यांनी आणि मास्तरांनी अण्णांना उचलून, पाइप आणि मोटरी ओलांडत गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं आणि रिक्षात घातलं. आपांचा फोन मला आला तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता.

दवाखान्यात मी पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. त्यानं विचारलं, त्रास नेमका कधी सुरू झाला, काही कल्पना आहे का? मला कल्पना होती. मला मिनिटासकट माहीत होतं. मी त्याला वेळ सांगितली. त्यानं ती लिहून घेतली, मग घड्याळाकडे पाहिलं.

नंतरचे दिवस घरात माणसं होती. सगळे मला एकच गोष्ट सांगत होते. कुणी ठरवून सांगत नव्हतं, पण प्रत्येक जण तिथेच यायचा. मास्तर म्हणाले, बाळ, गाडी आली असती तरी काय? पाण्याच्या दिवशी आपल्या गल्लीत गाडी शिरते कुठं? सगळे पाइप, मोटरी, दुचाक्या. आम्हालाच उचलून न्यायला किती वेळ लागला. चुलतभाऊ म्हणाला, अर्धा तास तर गाडीला चौकातनं आत यायलाच लागला असता.  आपा फक्त रोज दोन वेळचं घरून आणत होत्या आणि माझ्यासमोर बसून मी खाते की नाही ते बघत होत्या.

मी ते वाक्य धरून ठेवलं. गाडी शिरलीच नसती. रोज निजताना मी ते मनात म्हणायची आणि त्यावर मला थोडी झोप लागायची. मी आयुष्यभर लोकांना गाड्या पाठवल्या, कुठल्या गल्लीत किती वेळ लागतो हे मला नकाशा न बघता सांगता येतं, पण माझ्या स्वतःच्या गल्लीचा हिशेब मी केला नाही. करायची हिंमत नव्हती.

तेरावा झाल्यावर मी कामावर गेले. त्याच आठवड्यात क्रांती चौकातली ती बाई पेढे घेऊन आली. नवरा घरी आला होता, थोडं चालत होता. आवाजावरून तिनं मला ओळखलं आणि माझे दोन्ही हात धरले. ताई, तुमचं मोजणं अजून कानात आहे, म्हणाली. मी पेढा घेतला, खाल्ला आणि स्वच्छतागृहात जाऊन ओकले. मला त्या माणसाचा राग आला होता. तो जगला याचा राग. हे मी कुणाला सांगितलं नाही, इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

त्याच दिवशी मी अण्णांच्या सूचनांची नोंद उघडली. दोन ओळी होत्या. दोन्हींपुढे लिहिलं होतं, कुटुंबीयांचा प्रतिसाद मिळाला, सूचना बंद. पहिल्या ओळीत प्रतिसादाला चार सेकंद लागले होते, दुसरीत तीन. नंतर साहेबांनी महिन्याचा अहवाल वाचला तेव्हा म्हणाले, घरच्यांचे प्रतिसाद आता फार लवकर येतात, ही योजना चांगली चालली आहे. त्यांना त्या दोन ओळी कुणाच्या हे माहीत नसावं. मी मान हलवली.

गल्लीत त्यानंतर दोन पाणी झाली, दोन्ही अर्ध्या घरांची चुकली. पाणी आलं हे कुणी कुणाला सांगत नव्हतं. ज्याला कळलं त्यानं गुपचूप मोटर लावायची. आमची टाकी मात्र दोन्ही वेळा भरलेली होती. कुणी भरली ते मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. अण्णांचा फोन मी रोज चार्जिंगला लावत होते. त्याचं काय करायचं हे ठरत नव्हतं. अ‍ॅपमधून त्यांचं नाव काढणं माझ्याच हातात होतं. तेही झालं नाही.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळी साडेदहाच्या सुमारास मी अंगणात पाटावर बसले. सहज बसले. नळावर हात ठेवला. मला ऐकू येणार नाही हे माहीत होतं. बराच वेळ काही नव्हतं, मग हाताला काहीतरी लागलं, अगदी हलकी थरथर, आणि मग नळ खरंच फुसफुसला. मला ते ऐकू आलं. मी घरात गेले, अण्णांचा फोन उचलला आणि बटन तीन सेकंद दाबून धरलं.

मी विचार करून दाबलं नाही. त्यांनी जे केलं असतं ते केलं, इतकंच. हवा आली होती, गल्लीला सांगायचं होतं.

भोंगे वाजले. आपांच्या घरातून, चक्कीतून, मास्तरांच्या वरच्या मजल्यावरून, आणि माझ्या स्वयंपाकघरात माझ्या स्वतःच्या फोनवर. मी अंगणात येऊन उभी राहिले आणि मोटरींचा आवाज यायची वाट पाहू लागले. मोटरींचा आवाज आला नाही. पळण्याचा आवाज आला.

आपा सगळ्यांत आधी आल्या, गळ्यात मापाची टेप, पायात काही नाही. त्यांच्या मागे चक्कीवाले, कोपरापर्यंत पीठ. मास्तर, त्यांची सून कडेवर मूल घेऊन, आणि ज्यांचे नंबर अ‍ॅपमध्ये नव्हते तेसुद्धा. अंगण भरलं. कुणाच्या हातात बादली नव्हती. आपांनी माझे दंड धरले आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय होतंय? कुठं दुखतंय? बोल ना," त्या म्हणाल्या.

"हवा आली," मी म्हणाले. "पाणी येतंय."

 कुणी घराकडे वळलं नाही. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. आपांनी मला सोडलं आणि तिथेच पाटावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मास्तर म्हणाले, असू दे, असू दे. दोनदा म्हणाले.

तेवढ्यात माझ्या हातातला अण्णांचा फोन वाजला. धावत सुटताना पाचांपैकी कुणीही 'मी बघतो' दाबलं नव्हतं. दोन मिनिटं होऊन गेली होती. पलीकडे माझ्या शेजारच्या खुर्चीतली मुलगी होती. तिचा आवाज मी शिकवल्यासारखा होता, शांत, सरळ. तुम्ही बोलू शकता का, गाडी निघाली आहे, घाबरू नका, मी फोनवर आहे. तिच्या समोर अण्णांचं नाव आणि पत्ता आलेला असणार. तिला सगळं माहीत होतं. तरी तिनं गाडी पाठवली, पाठवायचीच असते. मी गाडी परत बोलव म्हणायला हवं होतं. मी फोन नुसता कानाशी धरून ठेवला. ती म्हणत राहिली, मी फोनवर आहे.

नळाला पाणी आलं. उघडाच राहिला होता, पाणी खड्ड्यातून वर येऊन अंगणात पसरायला लागलं आणि आमच्या पायांखालून गेलं. मोटर कुणी लावली नाही.

मग गाडीचा सायरन ऐकू आला. चक्कीवाले बाहेर धावले. गल्लीतली सगळी माणसं बाहेर धावली, पाइप ओढून भिंतीला लावले, दुचाक्या उचलून ओट्यांवर चढवल्या, आणि गाडी सरळ आत आली, कुठेही न थांबता, आणि आमच्या दारासमोर उभी राहिली. मी नोकरीच्या सवयीनं घड्याळ पाहिलं. बटन दाबल्यापासून नऊ मिनिटं झाली होती.

गाडीतला माणूस पेटी घेऊन उतरला, पाण्यातून अंगणात आला आणि त्यानं विचारलं, पेशंट कुठं आहेत?